नारा येथील राखलेलें रान

जपानांतील नारा हें नगर आपल्याकडील वाचकांस बुद्धाच्या प्रचंड मूर्तीमुळें ऐकून ठाऊक असतें. प्रवासी मंडळ्यांच्या कार्यक्रमपत्रिकेंत त्याच्या वांट्यास जेमतेम अर्धा दिवस येतो. मूर्ति पाहावी, हरणांस बिस्किटें घालावीं आणि क्योतोची गाडी गांठावी, असा तो क्रम. परंतु ह्या नगराच्या पूर्वेस, बाजारपेठेपासून पायीं तासाभराच्या आंत, एक जुनें रान उभें आहे. आणि तें रान पाहिल्यावांचून नगराचा अर्थ पुरता लागत नाहीं, असें तेथें वारंवार हिंडल्यावर माझें मत झालें. चिरंजीव नोकरीनिमित्त ओसाकास असतात. तेथून नारा आगगाडीनें पाऊण तासावर आहे. त्यामुळें गेल्या वर्षीं मार्चपासून मेअखेरपर्यंत आम्हां उभयतांस अनेक वेळां जातां आलें. माझी साठी उलटलेली, आणि आमच्या मंडळींचे गुडघे कुरकुरणारे. तेव्हां पुढील वाटा सोप्या आहेत, हें मी स्वानुभवानें सांगत आहें.

इ. स. ७१० पासून ७८४ पर्यंत नारा ही जपानची राजधानी होती. त्या काळीं नगराच्या पूर्वेकडील मिकासा डोंगरावर देवता पांढऱ्या हरणावर बसून आली अशी कथा आहे, आणि इ. स. ७६८ मध्यें तिचें कासुगा हें देवस्थान स्थापन झालें. पुढें इ. स. ८४१ मध्यें राजाज्ञा निघाली कीं, ह्या डोंगरावर कोणीं शिकार करूं नये, झाड तोडूं नये. आपल्याकडे देवराईंतील वाळकी काटकीसुद्धां घरीं नेऊं नये असा दंडक गांवोगांवीं होता. येथें त्याच दंडकास राजमुद्रेचें बळ मिळालें. त्यास आतां अकराशें ऐशींहून अधिक वर्षें झालीं. सुमारें तीनशें हेक्टरांचें हें कासुगायामा रान इ. स. १९९८ मध्यें युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत आलें, तें एकटें नव्हे, तर नाऱ्याच्या देवळांबरोबर, त्यांच्याच पंक्तींत.

आधीं नगर पाहावें. तोदाइजी मंदिरांतील वैरोचन बुद्धाची मूर्ति सुमारें १५ मीटर उंच आहे. तिचा नेत्रोन्मीलनविधि इ. स. ७५२ मध्यें झाला, आणि तो करणारा आचार्य आपल्या देशाचा होता! बोधिसेन त्याचें नांव. तो भारतांतून चीनमार्गें इ. स. ७३६ मध्यें जपानांत आला. तेथील लोक त्यास 'बारामोन सोजो', म्हणजे ब्राह्मण आचार्य, म्हणत. ज्या कुंचल्यानें त्यानें मूर्तीच्या डोळ्यांत बाहुल्या रेखिल्या, तो कुंचला व जमलेल्या जनांनीं हातीं धरलेला त्याचा दोर हे दोन्ही शोसोइन ह्या भांडारांत आजही जतन केलेले आहेत. येथें थोडें विषयांतर करतों. नातीच्या जपानी अंकलिपींत मीं अक्षरांचा क्रम पाहिला, तो अ, इ, उ, ए, ओ. आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व. चवर्गाच्या जागीं 'स' आहे. 'ह'चा उच्चार पूर्वीं 'प' होता असें भाषापंडित सांगतात, म्हणजे पवर्गही जागच्या जागीं. संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासांतून हा क्रम तेथें रुजला. चाळीस वर्षें वर्ग शिकविलेल्या माणसास ह्याहून मोठें आश्चर्य कोणतें दाखवावें?

मंदिर मात्र मूळचें नाहीं. इ. स. ११८० व १५६७ मधील युद्धांत तें जळलें. पहिल्या आगीनंतर उभारणी करतांना मोठाले वासे दूरच्या सुओ प्रांतांतून समुद्रमार्गें आणावे लागले, इ. स. ११९९ चा महाद्वार-मंडप, ज्यास नान्दाइमोन म्हणतात, तो अजून उभा आहे. सध्यांचें सभागृह इ. स. १७०९ चें. तें ५७ मीटर रुंद आहे, मूळचें ८६ मीटर होतें. त्याचे खांब नीट पाहा : अखंड बुंध्यांचे नाहींत, लांकडाचे तुकडे जोडून वर लोखंडी पट्टे आवळलेले आहेत, कारण तेवढीं मोठीं झाडें मिळेनाशीं झालीं होतीं. छपराच्या दोन प्रचंड तुळया तर पार क्यूशू बेटावरून आल्या. आणि देवालयाच्या उशाशीं, मैलभरावर, एवढें रान उभें! शब्द पाळणें म्हणजे काय, तें त्या पट्ट्यांच्या खांबांपाशीं मला प्रथम कळलें.

पहिली वाट अगदीं सोपी. स्टेशनापासून पूर्वेकडे बागेंतून सरळ कासुगा देवस्थानाकडे चालावें. दोहों अंगांस उंच 'सुगी' वृक्ष आणि शेवाळलेले पाषाणदीप. पाषाणाचे व धातूचे मिळून देवस्थानांत सुमारें तीन हजार दीप आहेत. ते सर्व फेब्रुवारीच्या आरंभीं व ऑगस्टच्या मध्यावर, असे वर्षांतून दोनदांच लावतात. देवस्थानापासून दक्षिणेस ताकाबाताकेकडे 'कुजबुजीची वाट' म्हणून एक पायवाट उतरते. पंधरा मिनिटांची वाट, पण दोन्ही बाजूंस 'आसेबी'ची दाट झाडी. मार्चमध्यें तिच्यावर घंटेसारख्या पांढऱ्या फुलांचे घोस लोंबतात. हीच वाट पुढें शिन्-याकुशीजी ह्या आठव्या शतकांतील मंदिराशीं जाते. तेथें अंधाऱ्या गाभाऱ्यांत भैषज्यगुरूभोंवतीं बारा यक्ष-सेनापति उभे आहेत. आमच्या मंडळींस सबंध नाऱ्यांत हेंच स्थळ अधिक आवडलें.

आसेबीचें नांव चिनी अक्षरांत 'घोडा झिंगविणारें झाड' असें लिहितात, कारण तिचा पाला विषारी. हरणें तिला तोंड लावीत नाहींत. ही गोष्ट लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम आहे.

दुसरी वाट प्रत्यक्ष रानाची. वाकाकुसा ह्या गवताळ टेकडीच्या पायथ्याशीं रानाचें उत्तरेकडील द्वार आहे. तेथून दक्षिणद्वारापर्यंत सुमारें साडेनऊ किलोमीटरांचा रुंद, बेताच्या चढाचा खडीचा रस्ता आहे. घाई न करतां चार तास धरावे. वाटेंत दुकान नाहीं, म्हणून पाणी व शिदोरी बरोबर असावी. रस्ता सोडून आंत जाण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. येथील मुख्य वृक्ष 'शिई', ओकच्या कुळांतील सदाहरित. मे महिन्यांत तो फुलतो तेव्हां सबंध डोंगर पिवळसर सोनेरी दिसतो.

परततांना त्याच रस्त्यानें न येतां, दक्षिणेकडील 'कुबिकिरी जिझो'पाशीं ताकिसाकाच्या जुन्या फरसबंद वाटेस लागावें. जिझो म्हणजे आपला क्षितिगर्भ बोधिसत्त्व. ह्या मूर्तीच्या मानेवर आडवी चीर आहे. कोणा तरवारबहाद्दरानें तरवारीची धार पाहण्यासाठीं घाव घातला अशी दंतकथा सांगतात. खालीं उतरतांना ओढ्याकांठच्या कातळांत दोन मूर्ति लागतात. एकीस 'प्रभातीचा कान्नोन', दुसरीस 'सायंकाळचा कान्नोन' म्हणतात. कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वर. पण ह्या दोन्ही मूर्ति वस्तुतः मैत्रेयाच्या आहेत! लोकांनीं एकदां नांव ठेवलें म्हणजे पंडितांचें कोण ऐकतो? ह्या वाटेचे धोंडे पावसानंतर फार निसरडे होतात. काठी असावी, आणि पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस तरी इकडे फिरकूं नये.

आतां रान पाहतांना मला जें खटकलें तें सांगतों. रस्त्याच्या बाजूस थांबून जमिनीकडे पाहिलें तर वृद्ध वृक्ष आहेत, पण त्यांचीं मुलें नाहींत. शिईचीं रोपें कोठें दिसत नाहींत. आहे ती आसेबी. आहेत तीं 'नागी' नांवाचीं झाडें, कीं ज्यांस हरणें शिवत नाहींत. आणि जुन्या झाडाच्या पतनानें जेथें ऊन पडलें, तेथें शहरांतून पक्ष्यांनीं आणलेलें चिनी मेणाचें झाड. बाकी जें उगवतें तें हरणें खातात. हरीण देवाचें वाहन. एके काळीं त्याच्या हत्येस देहदंड होता. महायुद्धाच्या उपासमारींत त्यांची संख्या शंभराच्याही आंत आली, इ. स. १९५७ मध्यें त्यांस राष्ट्रीय संरक्षण मिळालें, आणि आज तीं हजाराहून अधिक आहेत. त्यांत अलीकडे एका बारीक भुंग्याबरोबर येणाऱ्या बुरशीनें ओकजातीचीं थोर झाडें उभ्याउभ्या वाळत आहेत. म्हातारीं जातात आणि जागा घेणारें कोणी नाहीं. ज्या श्रद्धेनें डोंगर राखला, तिनेंच हरीणही राखलें, आणि आतां एक राखणें दुसऱ्यावर उठलें आहे.

ह्यावर उपाय काय? नगराबाहेरच्या भागांत इ. स. २०१७ पासून मर्यादित संख्येनें हरणें पकडून मारलीं जातात. त्यावर तेथें बराच वाद झाला. रानांत कांहीं ठिकाणीं जाळीचीं कुंपणें घातलीं आहेत. माझा कौल कुंपणाकडे आहे. बागेंतील हरीण हजार लोक बिस्किटें देऊन पोसतात. शिईच्या रोपाच्या बाजूनें बोलणारें कोणी नाहीं. 'देवाच्या रानांत जाळ्या कशाला?' असें आमच्या मंडळींनीं प्रथम म्हटलें. नंतर एका कुंपणाशीं आम्ही बराच वेळ उभे होतों. जाळीच्या अलीकडे उघडी माती आणि वाळका पाचोळा. पलीकडे, हातभर अंतरावर, गुडघ्याइतकीं हिरवीं रोपें दाटून आलेलीं. ती वांकून तीं मोजूं लागली, आणि बाविसापर्यंत गेल्यावर आम्हीं पुढची वाट धरली.