पेनड्राइव्हवरील दफ्तर

चैत्रातले ऊन उतरल्यावर, बेगमपुऱ्यातील घरी, हार्ड डिस्क निकामी झाल्यामुळे ज्याची रवानगी भंगारात व्हावयाची होती, त्या जुन्या संगणकास पुन्हा कामावर रुजू करण्याची तजवीज आज पुरी झाली. बॅरी कॉलर यांनी ऑस्ट्रेलियात २००३ साली आरंभिलेली पपी लिनक्स ही अल्पदेही प्रणाली मी पेनड्राइव्हवर बसविली.

पेनड्राइव्हमधील फ्लॅश स्मृतीच्या प्रत्येक पेशीस पुसण्या-लिहिण्याची मर्यादा असते आणि क्षणोक्षणी नोंदी करणारी प्रणाली तिचे आयुष्य अकारण झिजविते. म्हणूनच पपीची मूळ फाइल संकुचित व केवळ वाचनीय राहते, सारा व्यवहार रॅममध्ये चालतो, आणि झालेले फेरफार ठरावीक अंतराने किंवा यंत्र बंद करतानाच एका स्वतंत्र फाइलीत दाखल होतात. आमच्या शहरातील मलिक अंबराच्या नहरीने भूमिगत मार्गाने जपून पाणी आणावे, तशी ही काटकसर मला अत्यंत आदरणीय वाटते. मधली आपोआप साठवण मी बरखास्त केली. रॅम अपुरी पडल्यास वापरावयाची राखीव जागा, म्हणजे स्वॅप, तीही पेनड्राइव्हवर ठेवली नाही.

अनावश्यक प्रोग्रॅम काढून त्या जागी लोहित देवनागरी हा मुक्त परवान्याचा टंक व इन्स्क्रिप्ट कळफलक आणला. मराठी अक्षर पडद्यावर सुस्पष्ट उमटल्यावाचून कोणतीही प्रणाली आपली म्हणवत नाही, असे माझे ठाम मत आहे.

ज्यांच्या घरी असे यंत्र धूळ खात पडले असेल, त्यांनी ते मोडीत काढण्यापूर्वी हा प्रयोग अवश्य करावा. मात्र साठवणीच्या फाइलीची एक नक्कल दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवावी.