आतिथ्याचे इंग्रजी

१९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, आणि तेव्हापासून मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्टीत जागोजाग निवास-न्याहारीची घरे निघाली. त्या घरांतील मुलेमुली आता मोबाईलवर आतिथ्याचे इंग्रजी शिकू लागली आहेत. अभ्यासक्रम संपला की एक पत्रक येते : आपण समाधानी आहात काय? उत्तरादाखल तारे द्यावयाचे.

आमच्या शेजारच्या एका मुलीने पाचही तारे दिले. कारण विचारता म्हणाली, “गुरुजी, एकच धडा चारदा ऐकला तरी कोणी कंटाळत नाही, नि उच्चार चुकला तर कोणी हसत नाही.” वर्गात हसणारे पुष्कळ असतात हे आम्ही जन्मभर पाहिले आहे, तेव्हा हे समाधान हलके लेखण्याचे कारण नाही. पाहुण्यांची ताटेवाट्या आवरल्यावर रात्री दहा वाजता उघडणारी दुसरी शाळा या तालुक्यात कोठे आहे?

परंतु पुढल्याच आठवड्यात बंगळूरचे एक कुटुंब तिच्या घरी उतरले. स्वागताची वाक्ये तिने अस्खलित म्हटली. मग गृहस्थांनी विचारले, येथे मुलांना पोहावयास सोडले तर चालेल काय? धड्यांत लॉबी होती, लिफ्ट होती, क्रेडिट कार्ड होते, भरती-ओहोटी नव्हती. देवबागेस कर्लीची खाडी समुद्रास मिळते तेथे ओहोटीचे पाणी माणसास आत खेचते, हे तिला लहानपणापासून ठाऊक. पण इंग्रजीत सांगता येईना. अखेर हातवारे करून तिने त्यांस थोपविले. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीस पर्यटकांची नौका उलटून दोघे दगावले. त्याचे कारण भाषा नव्हे हे खरे. तथापि या किनाऱ्यावर इशाऱ्याचे एक वाक्य स्वागताच्या दहा वाक्यांहून मोलाचे आहे.

कठोपनिषदात यम नचिकेत्यास प्रेय आणि श्रेय वेगळे करून दाखवितो. अमेरिकेत डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली प्रशिक्षणाच्या परीक्षणाच्या चार पायऱ्या मांडल्या; त्यांतही शिकणाऱ्याची पसंती ही केवळ पहिली. तो काय शिकला, कामात काय उतरले, फळ काय मिळाले, या पुढच्या. आमचे अभ्यासक्रमवाले पहिल्या पायरीवरच आसन मांडून बसतात. (पूर्वी इन्स्पेक्टरसाहेब खूष झाले की मास्तरांचेही भागत असे, ते सोडा.)

त्या मुलीने आता वहीत वीस प्रश्न उतरविले आहेत : किल्ल्याच्या होड्या पावसाळ्यात का बंद असतात, सोलकढी कशाची करतात, इत्यादी. उत्तरे ती मराठीत सांगते, आम्ही त्यांस इंग्रजी रूप देतो. उच्चार मात्र ती मोबाईलकडूनच घेते, आणि तेच बरे. आमचे इंग्रजी तर्खडकरांच्या पाठमालेतले. ओढीच्या पाण्याचे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर आहे.