तात्पर्यावर अंगठा

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा आमचं बालवाचनालय तळमजल्यावर होतं. वाचनालय म्हणजे काय, तर घराला लागून असलेली दहा बाय बाराची खोली, दोन कपाटं, एक सतरंजी आणि शनिवार-रविवारी संध्याकाळी येणारी तीन ते आठ वर्षांची वीसेक पोरं. गावातल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात त्या दिवशी जे नुकसान झालं, त्यापुढे आमची दोन कपाटं कुठल्या खिजगणतीत! तरी चिखल उपसून दार उघडलं तेव्हा मी उंबऱ्यावरच बसले.

गुळगुळीत आर्ट पेपरवरची रंगीत पुस्तकं सगळ्यात आधी गेली. तो कागद भिजला की पानाला पान डकतं आणि वाळल्यावर पुस्तकाची वीट होते. सुरीनं सोडवायला जावं तर सोंड एका पानाला आणि हत्ती दुसऱ्या पानाला. साध्या कागदावरची पुस्तकं फुगली, वाकडी झाली, त्यांच्या पिना गंजल्या, पण वीज आल्यावर पंख्याखाली दोरीवर टांगली तेव्हा निदान उघडली तरी.

मग खोकी यायला लागली. मुंबईहून, पुण्याहून, कुठून कुठून. लोकांचं मन मोठं, त्याबद्दल शंका नाही. पण खोकी उघडताना कळायचं, की पुष्कळांनी या निमित्तानं माळा साफ केलेला आहे. दहावीची गाईडं, पाककृती, कोऱ्या पानांची जुनी डायरी, आणि ‘श्यामची आई’च्या अकरा प्रती. पालगड आमच्याच जिल्ह्यातलं, साने गुरुजी आमचेच. पण नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेलं ते पुस्तक पाच वर्षांच्या पोरासाठी नाही. आईचं मरण एवढ्या लहान वयात पुस्तकातून घरी न्यायची गरज नसते. दोन प्रती मी वरच्या फळीवर ठेवल्या, नऊ-दहा वर्षांच्या मुलांसाठी. बाकीच्या एका हायस्कूलला दिल्या. यावर एक आजोबा माझ्यावर रागावले, ते अजून रागावलेलेच आहेत.

उरलेला ढीग बोधकथांचा. वीस वर्षं मी पुस्तकं निवडत होते ती जरा जरा करून, दोन-चार हाती येतील तशी. एवढी शेकड्यांनी एकदम पुढ्यात पडली तेव्हा माझी निवडायची रीत माझी मलाच दिसली. गोष्टीखाली ठळक अक्षरात ‘तात्पर्य’ असतं ना, त्यावर मी अंगठा ठेवते आणि गोष्ट मोठ्यानं वाचते. अंगठ्याखालची ओळ झाकल्यावर गोष्ट उभी राहिली तर पुस्तक कपाटात. बहुतेक गोष्टी बसकण मारतात. एक मुलगा असतो, तो भाज्या खात नाही. दुसऱ्या पानावर आमची एक साडेपाच वर्षांची बाई म्हणाली, “आता ह्याच्या पोटात दुखणार.” दुखलंच. लेखकाला जे सांगायचं होतं ते तिला आधीच ठाऊक होतं, आणि भाजी ती तरीही खात नाही.

याउलट पंचतंत्रातलं माकड. आपलं काळीज झाडावर ठेवलंय असं मित्राला धडधडीत खोटं सांगतं आणि जीव वाचवतं. खोटं बोलू नये असं शिकवणाऱ्या घरांतून ही गोष्ट शेकडो वर्षं सांगितली जातेय! अंगठा ठेवा नाहीतर उचला, तिला फरक पडत नाही.

मोठ्यानं वाचण्याचा आणखी एक फायदा: मराठी कुठे तोतरी होते ते जिभेला लगेच कळतं. “ओह, मला माफ कर, प्रिय आई,” असं आमच्या गल्लीतलं कुठलं पोर म्हणेल? इंग्रजीवरून घाईनं उतरवलेल्या पुस्तकांत चित्रं सुंदर असतात आणि माणसं अशी बोलतात. अशा वेळी मी पुस्तक घेते आणि वाचताना मजकूर सरळ बदलते, हा माझा गुन्हा मी कबूल करते. जोडाक्षरांचं मात्र भय बाळगू नये. चार वर्षांच्या मुलाला वाचून दाखवायच्या पुस्तकात ‘आश्चर्यचकित’ असलं तरी बिघडत नाही, उलट तो दिवसभर ते म्हणत फिरतो. सहा वर्षांचं मूल स्वतः बोट ठेवून वाचणार असेल तर तोच शब्द भिंत होतो. ऐकायचं पुस्तक वेगळं, वाचायचं वेगळं. पालक एकाच वयाची चौकशी करतात आणि तिथेच घोटाळा होतो.

चित्रांबाबत मला मुलांनी शिकवलं. आपण अक्षरं वाचतो तेव्हा ती चित्र वाचत असतात, आणि आपल्यापेक्षा बारकाईनं. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ मी कितीदा वाचून दाखवलं असेल. पोरं अजून घरातल्या वस्तूंवर बोट ठेवून थांबवतात. लिहिणारा आणि काढणारा हात एकच असला की असं पुष्कळदा होतं. शब्दांत जे आहे तेच चित्रात पुन्हा काढलेलं नसतं.

पण माझा खरा जीव अडकतो तो माहितीच्या पुस्तकांत. इतक्या लहान वयासाठी मराठीत ती मुळात थोडी, म्हणून जे मिळेल ते घ्यावं असं वाटतं, आणि तिथेच फसायला होतं. पक्ष्यांचं पुस्तक हातात आलं की मी आधी कोकिळेचं पान उघडते. काळाभोर पक्षी, लाल डोळा, आंब्याची फांदी, आणि खाली ‘कोकिळा गाते’. आता काळा असतो तो नर, कोकीळ, आणि कुहूकुहू करून रान डोक्यावर घेतो तोही तोच. मादी तपकिरी, अंगभर पांढुरके ठिपके, आणि तिचा आवाज किक् किक् असा. दोष एकट्या लेखकाचा नाही. आपल्या भाषेनंच तिला गायिका करून ठेवलंय. सुगरणीचंही तेच. नावावरून वाटतं बाईचं काम, पण खोपा विणतो नर. मादी अर्धवट झालेला खोपा बघून जाते, पसंत पडला तर राहते. हे सांगितल्यावर एक मुलगा म्हणाला, “म्हणजे ती फ्लॅट बघायला येते?” गाणारी कोकिळा मला कवितेत चालते. माहितीच्या पुस्तकात चालत नाही.

एका खोक्यातून ग्रहांचं पुस्तक निघालं. नऊ ग्रह, शेवटी इवलासा प्लुटो. मदतीला आलेली एक कॉलेजची मुलगी ते रद्दीत टाकायला निघाली होती. मी ठेवून घेतलं. २००६ साली प्लुटोला ग्रहांच्या पंगतीतून उठवलं, पण पुस्तक त्याआधीचं; छापलं तेव्हा ते खरंच बोलत होतं. आतल्या पानावर आम्ही चिठ्ठी चिकटवली, आणि माणसं आपलं म्हणणं बदलतात हे मुलांना त्या चिठ्ठीतून कळलं. काळ्या पक्ष्याखाली ‘कोकिळा’ लिहिणारं पुस्तक मात्र कालच छापलेलं असलं तरी मी घेत नाही. त्या लेखकानं ऐकीव माहिती उतरवून काढली, खिडकीतून बघितलं नाही. पुस्तक जुनं होणं निराळं आणि चुकीचं असणं निराळं.

तिसरी जात बोलक्या प्राण्यांची. ‘मी गांडूळ, शेतकऱ्याचा मित्र’ असं सांगणारं एक गोड पुस्तक मी पूर्वी हौसेनं घेतलं होतं. पुढच्या पावसात एक पोरगी डब्याच्या झाकणात गांडूळ घेऊन आली. खाली वाकून, नाक जवळजवळ मातीला लावून शोधत होती. म्हणाली, “काकू, ह्याचे डोळे कुठे गेले?” पुस्तकातल्या गांडुळाला दोन टपोरे डोळे होते, वर पापण्याही. खऱ्याला डोळे नसतात, उजेड त्याला कातडीतून कळतो. तिला वाटलं, तिच्या गांडुळाचे कुणीतरी फोडले. प्राणी बोलला म्हणून मूल फसत नाही, तो खेळ त्याला कळतो. पण बोलण्यासारखे डोळेही खोटेच, हे त्यानं कसं ओळखायचं? ते पुस्तक मी नंतर गोष्टींच्या कपाटात हलवलं.

खोक्यांतली निम्म्याहून जास्त पुस्तकं मी शेवटी दुसरीकडे पाठवली किंवा रद्दीला घातली. देणाऱ्यांना तसं कळवलंही. काहींना वाईट वाटलं; एका बाईंनी मात्र त्यानंतर एकच पुस्तक पाठवलं, कोळ्यांवरचं, आणि सोबत लिहिलं की पाय मोजलेत, आठच आहेत.

तेव्हा पाठवायचं असेल तर असं पाठवा: एकच, स्वतः मोठ्यानं वाचून बघितलेलं. वाचनालय आता पहिल्या मजल्यावर आहे. जिना अरुंद आहे, मोठी खोकी वर येत नाहीत.