परीकथांच्या वाटेवरचा अंधार

जर्मनीतील हामेल्न या गावात एक अरुंद गल्ली आहे. लग्नाची वरात वाजतगाजत निघाली, तरी या गल्लीच्या तोंडाशी आली की वाद्ये थांबवायची, अशी तेथील जुनी रीत आहे. गल्ली संपेपर्यंत कुणी वाजवत नाही, कुणी नाचत नाही. कारण विचारले तर सातशे वर्षांपूर्वीची हकीकत ऐकायला मिळते. गावातली १३० मुले याच वाटेने एका पुंगीवाल्यामागे गेली आणि परत आलीच नाहीत.

आपल्याकडे शाळेच्या पुस्तकातून ‘हॅमेलिनचा पुंगीवाला’ म्हणून पोहोचलेली गोष्ट ती हीच. मात्र पुस्तकात उंदरांची गंमत असते, तर हामेल्नमध्ये गल्लीतली शांतता असते.

आज परीकथांची भयकथा करून सांगणाऱ्या लेखकांची एक मोठी परंपरा जगभर तयार झाली आहे. कोवळ्या कथांत या मंडळींनी रक्त आणि क्रौर्य उगाच कालवले, अशी तक्रार पालक नेहमी करतात. ती कितपत खरी आहे, हे तपासायचे असेल तर जर्मनीतील ‘परीकथांचा रस्ता’ पाहावा. १९७५ साली पर्यटकांसाठी आखलेला हा सुमारे ६०० किलोमीटरचा मार्ग हानाउपासून ब्रेमेनपर्यंत जातो. ग्रिम बंधू जेथे राहिले ती गावे आणि त्यांच्या कथांशी नाते सांगणारे किल्ले व जंगले या मार्गाने जोडली आहेत.

हानाउ ते श्टाइनाउ

फ्रँकफुर्टजवळचे हानाउ हे याकोब आणि विल्हेल्म ग्रिम यांचे जन्मगाव. थोरला याकोब १७८५ सालचा आणि विल्हेल्म १७८६ सालचा. दुसऱ्या महायुद्धात १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जुने शहर उद्ध्वस्त झाले आणि त्यांचे जन्मघरही गेले. चौकातला १८९६ सालचा पुतळा मात्र उभा आहे. विल्हेल्म मांडीवर पुस्तक घेऊन बसलेला आणि याकोब शेजारी उभा. प्रवास येथूनच सुरू होतो.

पुढे श्टाइनाउ लागते. वडील येथे सरकारी अंमलदार होते. त्यांना मिळालेला दगडी, ऐसपैस वाडा आज ग्रिम बंधूंचे संग्रहालय आहे. वाडा पाहताना बालपण किती सुखाचे गेले असेल, असे वाटते. पण १७९६ साली वडील अचानक वारले. तेव्हा याकोब अवघा ११ वर्षांचा होता. नोकरी गेली तसा वाडाही गेला. आई आणि सहा मुले एका फटक्यात आश्रिताच्या दारी आली. घर गमावलेली मुले पुढे या भावांच्या कथांत वारंवार का भेटतात, हे श्टाइनाउच्या ओट्यावर उभे राहिले की उमगते.

खाणीतले बुटके

उत्तरेकडे जाताना बाड विल्डुंगेनजवळ बेर्गफ्राइहाइट हे खाणकामगारांचे छोटे गाव आहे. ते स्वतःला ‘हिमगौरीचे गाव’ म्हणवते. येथील तांब्याची जुनी खाण पर्यटकांना दाखवली जाते. बोगदे इतके बुटके की मोठ्या माणसाला वाकूनच चालावे लागते. पूर्वी अशा खाणीत लहान मुले राबत. कुपोषणाने वाढ खुंटलेली, पाठीत वाकलेली ती मुले म्हणजेच कथेतले सात बुटके, असा एक तर्क स्थानिक अभ्यासकांनी मांडला आहे. याच मुलखातील मार्गारेटा ही सरदारकन्या १५५४ साली ऐन तारुण्यात वारली. तिच्यावर विषप्रयोग झाल्याचा संशय होता. हिमगौरी ती हीच, असे हे अभ्यासक म्हणतात. हा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण त्या बोगद्यातून बाहेर आलेला प्रवासी पडद्यावरच्या नाचणाऱ्या बुटक्यांकडे पूर्वीच्या नजरेने पाहू शकत नाही.

कासेल : कात्री कुणाची?

कासेल हे या मार्गाचे खरे केंद्र. दोघे भाऊ येथे ग्रंथपाल होते. १८१२ साली त्यांच्या कथासंग्रहाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला, त्यात ८६ कथा होत्या. दुसरा खंड १८१५ साली आला. कथा त्यांना शहरातल्या सुशिक्षित घरांतील मुलींनी सांगितल्या. दुसऱ्या खंडातील कितीतरी कथा डोरोथेआ फीमान या शिंपिणीने दिल्या. ती जवळच्या खेड्यातून भाजी विकायला शहरात येत असे. २०१५ साली उघडलेल्या ‘ग्रिमवेल्ट’ या संग्रहालयात हा सारा इतिहास पाहता येतो. समासात स्वतःच्या हाताने टिपणे केलेल्या ग्रिम बंधूंच्या खासगी प्रती कासेलने जपल्या असून, युनेस्कोने २००५ साली त्यांना जागतिक दस्तऐवज वारशात स्थान दिले.

त्या टिपणांचे महत्त्व असे की, गोष्टीला पहिली कात्री लावणारा आणि तीच गोष्ट पुन्हा रंगवणारा लेखक तेथे सापडतो. तो म्हणजे विल्हेल्म. १८१२ च्या आवृत्तीत हिमगौरीचा जीव घेऊ पाहणारी तिची सख्खी आई आहे. १८१९ मध्ये ती सावत्र झाली. हान्सेल आणि ग्रेटेलला जंगलात सोडणारी आईसुद्धा सख्खीच होती. ती १८४० मध्ये सावत्र झाली. ‘खाटीक-खाटीक’ खेळता खेळता एक मूल दुसऱ्याचा जीव घेते, अशी एक कथा पहिल्या आवृत्तीत होती. पुस्तक मुलांच्या हाती देता येत नाही, अशी ओरड झाली आणि १८१९ मध्ये ती वगळली.

यावरून विल्हेल्मने सगळेच सौम्य केले असे मात्र नाही. सिंड्रेलाच्या बहिणींचे डोळे कबुतरे टोचून काढतात, ती शिक्षा त्याने नंतर वाढवलेली आहे. दुष्टांना होणारी शिक्षा अधिक कडक झाली. झाकले गेले ते घरातले सत्य. हान्सेल-ग्रेटेलच्या कथेची सुरुवात दुष्काळाने होते. घरात चौघांपुरती भाकरी नाही, म्हणून दोघांना सोडायचे ठरते. त्या काळच्या युरोपात दुष्काळ आणि युद्ध ही दंतकथा नव्हती. भुकेने पिचलेली सख्खी आई असे करू शकते, हे ऐकणे असह्य होते. सावत्र आई आणली की ऐकणाऱ्याची सुटका होते आणि दोष भुकेऐवजी एका बाईवर जातो.

जंगल आणि नवे लेखक

कासेलच्या उत्तरेला राइनहार्ड्सवाल्डचे घनदाट जंगल आहे. जुन्या ओक वृक्षांच्या वेड्यावाकड्या फांद्या आणि त्यात दडलेला साबाबुर्गचा किल्ला. निद्रिस्त राजकन्येचा किल्ला म्हणून तो ओळखला जातो. ऊन असतानाही येथे पायवाटेवर संधिप्रकाश असतो. लांडग्याची गोष्ट आठवावी ती अशाच ठिकाणी.

‘लाल टोपीवाल्या मुली’ची कथा १६९७ साली फ्रान्समध्ये शार्ल पेरो यांनी छापली. तिच्यात लांडगा मुलीला खातो आणि कथा संपते. पोट फाडून तिला वाचवणारा शिकारी ग्रिम यांच्या कथेत आला. पेरोंच्या कथांचा इंग्रजी अनुवाद करणाऱ्या ब्रिटिश लेखिका अँजेला कार्टर यांनी १९७९ साली ‘द ब्लडी चेंबर’ हा संग्रह लिहिला. त्यात शिकारी येत नाही आणि मुलगी खाल्लीही जात नाही. लांडग्याच्या धमकीला ती हसते. अमेरिकन कवयित्री अ‍ॅन सेक्स्टन यांनी १९७१ मध्येच ग्रिम कथांवर कविता केल्या होत्या. त्यांची हिमगौरी राणी झाल्यावर स्वतःच आरशात डोकावू लागते. नील गेमन यांच्या १९९४ च्या कथेत सावत्र आईच बोलते आणि भय वाटते ते हिमगौरीचे.

या चांगल्या लेखकांनी रक्त वाढवलेले नाही. विल्हेल्मने ज्यांच्या डोक्यावर दोष ठेवला, त्या बायकांना त्यांनी बोलू दिले. ज्यांना एवढे साधत नाही, त्यांच्या भयकथेत फक्त कापाकापी उरते. ती वाचून किळस येते, भीती वाटत नाही.

पुन्हा हामेल्न

वेझर नदीकाठी हामेल्न येते. १६०३ च्या सुमाराच्या एका देखण्या घराच्या भिंतीवर हकीकत कोरली आहे. २६ जून १२८४ रोजी रंगीबेरंगी कपडे घातलेल्या पुंगीवाल्याने गावात जन्मलेली १३० मुले नेली, असे तो लेख सांगतो. तेथे उंदरांचा उल्लेख नाही. पंधराव्या शतकातील हस्तलिखितातही नाही. उंदीर सोळाव्या शतकात आले. मुले पूर्वेकडे नव्या वसाहतींसाठी नेली गेली, असे अनेक इतिहासकार मानतात. पण खात्रीचे उत्तर कुणाकडे नाही. उंदीर आले तेव्हा निदान कारण मिळाले : गावाने पैसे बुडवले म्हणून शिक्षा झाली. कारण नसताना मुले गेली, ही गोष्ट त्याहून भयंकर आहे. त्यात रक्ताचा थेंबही नाही.

उन्हाळ्यात रविवारी दुपारी गावकरी येथे ही कथा रंगमंचावर करतात. उंदीर झालेली चिमुरडी मुले धावत येतात आणि आईबाप टाळ्या वाजवतात. नाटक संपले की ती सगळी आपापल्या घरी जातात.

आपल्या चिमणीच्या घरात आलेल्या कावळ्यालाही तव्याचा चटका बसतोच की! मुलांना भीती नवी नसते. त्यांना ती ओळखीच्या आवाजात, मांडीवर बसून ऐकायची असते. ब्रेमेनच्या नगरभवनाशेजारी गाढव, कुत्रा, मांजर आणि कोंबडा यांचा १९५३ साली बसवलेला ब्राँझचा पुतळा आहे. मालकाने मारायला काढलेले हे चार म्हातारे जीव कथेत ब्रेमेनला पोहोचतच नाहीत, वाटेतच त्यांना घर मिळते. येणारेजाणारे गाढवाचे पाय धरून इच्छा मागतात. ते पाय हात लागून लागून सोन्यासारखे चकाकतात.

कसे जाल? मुंबईहून विमानाने फ्रँकफुर्ट, तेथून रेल्वेने हानाउ. श्टाइनाउ, कासेल, हामेल्न आणि ब्रेमेन ही ठिकाणे रेल्वेने जोडलेली आहेत. साबाबुर्ग आणि बेर्गफ्राइहाइटसाठी मोटार सोयीची. मे ते सप्टेंबर हा काळ उत्तम. मुले बरोबर असतील तर निघण्यापूर्वी गोष्टी सांगून ठेवाव्यात, आणि शक्य झाल्यास जुन्या, न कातरलेल्या.