पश्चिमेची भिंत

माहीमला, समुद्रापासून पाच मिनिटांवर, वन बीएचके भाड्याने! ऑफिसात सांगितलं तेव्हा निम्मी जनता जळून खाक. मी मूळचा सोलापूरचा. आमच्याकडे उन्हानं भिंतीला भेगा पडतील, पण ओल? नाव नको. त्यामुळे बेडरूमची खिडकी उघडली, खारा वारा आत आला आणि मी तिथल्या तिथे टोकन देऊन मोकळा झालो. एकाच भिंतीला नव्या रंगाचा वास का येतोय, हे विचारायचं सुचलंच नाही.

जून उजाडला. आजूबाजूच्या गच्च्यांवर निळ्या ताडपत्र्या चढल्या. मुंबईत पावसाळा जवळ आल्याची खरी वर्दी हीच. दोन आठवड्यांत बेडरूमच्या कोपऱ्यात रंगाला फुगा आला. मग पोपडे. मग तिळाएवढे काळे ठिपके. सोलापुरात वर्षभरात पडतो त्याच्या साधारण तिप्पट पाऊस इथे चार महिन्यांत कोसळतो आणि नैर्ऋत्येचा वारा तो पश्चिमेच्या भिंतीवर आपटत राहतो. समुद्राची हवा खाणारी भिंतही तीच!

आता माझा गुन्हा. मे महिन्यात लग्न झालं होतं. पुण्यातली नोकरी सोडून बायको जुलैत इथे येणार होती. ती यायच्या आदल्या रविवारी मी कोरड्या फडक्यानं ठिपके पुसले, वर रंगाचा एक हात मारला आणि लाकडी कपाट भिंतीला चिकटवलं. प्रॉब्लेम खतम, असं आपलं मला वाटलं.

ऑगस्टमध्ये तिला रात्रीचा खोकला सुरू झाला. वीकेंडला पुण्याला गेली की गायब, माहीमला परतली की हजर. मी 'हवा बदलली गं' म्हणत राहिलो. गौरी-गणपतीला नेसायला तिनं लग्नातली पैठणी काढली, तर काठावर पांढुरकी बुरशी. दोघांनी मिळून कपाट ओढलं. मागची भिंत काळीकुट्ट.

"तुला माहीत होतं?"

काय सांगणार? होतं.

डॉक्टर म्हणाले, "औषध देतो, पण बुरशीनं अ‍ॅलर्जी आणि दमा बळावतो. आधी भिंत बघा." शेजारच्या काकूंनी तर माझी शाळाच घेतली. "अरे बाळा, आतून रंग फासून काय होणार? पाणी कुठून येतंय ते बघ की!"

मग एक साधी ट्रिक केली. भिंतीचा एक भाग पुसून सुकवला आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून चिकटवला. खोलीकडच्या बाजूला थेंब जमले तर दोष घरातल्या दमट हवेचा. फॉइलच्या मागे जमले तर पाणी भिंतीतून येतंय. दोन दिवसांनी मागची बाजू ओलीचिंब होती. बाहेर छज्जाच्या वर लांबलचक भेग सापडली. घरमालक म्हणाले, "मुंबईत सगळीकडे असंच असतं." बायकोनं फोटो थेट सोसायटीच्या सेक्रेटरींसमोर ठेवले.

पाऊस थांबेपर्यंत आम्ही हॉलमध्ये झोपलो. मास्क-ग्लोव्ह्ज घालून, खिडक्या उघड्या टाकून, साबणाच्या पाण्यानं भिंत ओलीच पुसली. कोरडी घासली की बुरशीचे कण खोलीभर उडतात. माझ्या त्या रविवारच्या पराक्रमानं नेमकं तेच झालं असणार. कपाट भिंतीपासून अर्धा फूट पुढे आलं, ओल्या कपड्यांची दोरी बेडरूममधून हद्दपार झाली. दिवाळीनंतर भेग बुजली. रंग मात्र भिंत खडखडीत वाळल्यावर, जानेवारीत. खोकलाही तोवर थांबला होता.

यंदा जूनमध्ये त्याच कोपऱ्यात एक ठिपका दिसला. मी फडकं शोधलं नाही. आधी बायकोला हाक मारली.