राणी मुंगळा आणि माझी घाई



मृगाचा पाऊस झाला त्या रात्री दिव्याखाली पंखवाले मुंगळे जमले. सकाळी बांधावर पंख गळालेली एक मोठी मादी माती उकरताना दिसली. हीच राणी. नातवाच्या हट्टापायी धरून आणली.

काचेच्या नळीत तळाला पाणी, त्यावर घट्ट कापूस, मग राणी, तोंडाला परत कापूस. नळी कपाटात अंधारात. खायला काही द्यायचं नाही. पंखांचे स्नायू आता कामाचे नसतात, ते अंगात जिरवून ती जगते आणि त्यावरच पहिल्या अळ्यांना भरवते.

चार दिवसांत अंडी दिसली. मग मला कुठं दम निघतोय! सकाळ-संध्याकाळ बॅटरी मारून बघायचो. आठवड्यात अंडी गायब. घाबरलेली राणी स्वतःची अंडी खाते, हे तेव्हा कळलं. पेरलेलं बी रोज उकरून बघणाऱ्याला आपण हसतो. मी वेगळं काय केलं?

पुढं 15 दिवस नळीला हात लावला नाही. परत अंडी, अळ्या, कोष. श्रावणात 4 बारके कामकरी मुंगळे निघाले. तेव्हा पहिल्यांदा साखरपाण्याचा थेंब अन् एक मेलेला डास दिला.

आता आठवड्यातून एकदाच बघतो. नातवालाही तेच सांगितलंय.