मुस्तफाच्या मशीनमधून निघालेलं सामान

कॅपकॉमच्या 1993 च्या 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'ला अंधेरी-घाटकोपरच्या व्हिडिओ गेम पार्लरांत त्या नावानं कोण ओळखणार? त्यातल्या टोपीवाल्या गड्यावरून तो 'मुस्तफा'च. आता एखादा हौशी गृहस्थ ती मशीन घरी आणतो, मागची फळी काढतो आणि आतलं सामान बाहेर येऊ लागतं.

दोन पिनांचा प्लग. अर्थिंगचा पत्ता नाही. पावसाळ्यात ओल्या पायांनी कॉइनच्या पत्र्याच्या दाराला हात लावला की झिणझिण्या.

फ्यूजच्या जागी तांब्याची तार. ठिसूळ वायरी, टेपचे चिकट वेढे. यांच्यासाठी कुणी गळा काढू नये. तीन पिना, खरा फ्यूज, गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी, दाराला अर्थिंगची हिरवी वायर, आणि विषय संपला.

बोर्डाला 5 आणि 12 व्होल्ट पुरवणारा, तापणारा पॉवर सप्लाय. आपली वीज 50 हर्ट्‌झची, गेमचं चित्र सेकंदाला साधारण 60 वेळा उमटणारं. कपॅसिटर सुकले की हा फरक पडद्यावर यायचा, चित्र थरथरायचं. त्या थरथरीतही डायनोसॉर चुकवता यायचा.

वरच्या नावामागची ट्यूबलाइट, तिचा चोक, स्टार्टर. त्यांच्या जागी आता एलईडी पट्टी.

आणि पिक्चर ट्यूब. आत वीस हजारांवर व्होल्ट, मशीन बंद केल्यावरही साठून राहणारे. म्हणून मेकॅनिक हात घालण्याआधी ती डिस्चार्ज करतो. काचेवर कायमची उमटलेली 'इन्सर्ट कॉइन'ची अक्षरं, वीज नसतानाही वाचता येणारी. चित्राच्या रेघांमधला काळोख. साडेपंधरा किलोहर्ट्‌झच्या आसपासची बारीक शीळ, जी पोरांना ऐकू येते आणि वय वाढलं की बहुतेकांना नाही. गल्ल्यावरच्या मालकाला ती बहुधा कधीच ऐकू आली नसेल.

ट्यूबच्या जागी बसवलेल्या नव्या सपाट पॅनेलला जुन्या बोर्डाचा सिग्नल सहसा कळत नाही. मध्ये कन्व्हर्टर बसवावा लागतो. स्वस्तातला कन्व्हर्टर चित्र आधी साठवतो, मग पुढे सोडतो. एक फ्रेम उशीर, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. मुस्तफात खपून जातं. 'स्ट्रीट फायटर 2'मध्ये मुरलेल्या बोटांना मात्र तेवढंही खुपतं. त्यात पॅनेल रुंद घेऊन 4:3 चं चित्र ताणलं, की सगळेच पैलवान सुटलेले. असं करण्यापेक्षा बाजूच्या काळ्या पट्ट्या बऱ्या.

माझं मत विचाराल तर वायरिंग आजच बदला, ट्यूब जळेपर्यंत चालवा. मात्र ईएचटी, म्हणजे ट्यूबला ते हजारो व्होल्ट पुरवणारा ट्रान्सफॉर्मर, जळला तर दुसरा शोधून देणारा मेकॅनिक मिळणं कठीण; तो आता मोबाइल उघडतो.

निघालेल्या ट्यूबच्या मानेवरचा योक भंगारवाला तांब्यासाठी हसत घेतो. काच नाही घेत. तिच्यात शिसं असतं, ती न फोडता ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यावी.